बावीस मिनिटं

१० जानेवारी

मामा,

फोनवर मी घसा फोडून विचारते आणि तुम्ही पलीकडून म्हणता, "हो हो, पाऊस नाही." म्हणून हे पत्र. कानांनी रजा घेतली असली तरी तुमचे डोळे अजून केसाएवढी स्प्रिंग पकडतात, हे मला ठाऊक आहे.

कामाचं लिहिते. समुद्रतळाचा एक अवाढव्य थर आपल्या किनाऱ्याखाली सरकतो आहे, हे तुम्हाला मी पाटीवर काढून दाखवलं होतं. सरकताना तो अडकतो, वरची जमीन वाकवत नेतो आणि एक दिवस सुटतो. एकेचाळीस वर्षांपूर्वी सुटला तेव्हा आपलं अर्धं गाव गेलं. मला एवढंच शोधायचं आहे की त्या दिवशी नेमका कुठला तुकडा सुटला. जो सुटला तो आता शंभर-दोनशे वर्षं गप्प बसेल. जो सुटला नाही तो अजून दात आवळून बसलेला आहे.

त्यासाठी दोन प्रकारचे कागद लागतात. दूरदूरच्या भूकंपमापकांवरून हादरा कधी बसला ते कळतं: दोन वाजून चौदा मिनिटं, त्यात वाद नाही. आणि बंदरांतल्या पाण्याची उंची लिहिणाऱ्या यंत्रांवरून पाणी कधी हललं ते कळतं. मधल्या वेळावरून लाट किती लांबून आली ते निघतं. तीन बंदरं म्हणतात, तुकडा दक्षिणेचा. एकटं आपलं बंदर भांडतं. आपल्या कागदावर पाणी दोन वीसला हललं आहे, म्हणजे सहाव्या मिनिटाला. असं असेल तर गावासमोरचाच तुकडा सुटला.

तो कागद माझ्या टेबलावर काचेखाली आहे. पाणी हललं तिथेच, यंत्र आणि भोंगा सांभाळणाऱ्या आप्पांनी भोंगा वाजवल्याची पेन्सिलीने फुली मारली आहे. कडेला तपकिरी डाग आहे. चौकशी अहवालात "चिखल" लिहिलंय. ज्या खोलीत आप्पांना, माझ्या बापाला, दगडांनी ठेचून मारलं, तिथला डाग चिखलाचा आहे की नाही हे मी तपासायला दिलेलं नाही.

हादऱ्याच्या वेळचा कागदाचा तळहाताएवढा तुकडा फाटून गेला आहे. हादरा बसला की पेन थरथरतं, ती खूण असती तर कुणाला विचारायची गरजच नव्हती. आता तुम्हालाच विचारते. दर सोमवारी तुम्ही यंत्राचं घड्याळ तपासायचात. ते बरोबर होतं का? खालच्या बाजाराच्या मोकळ्या जागेवर चारशे मुलांची शाळा बांधायची की नाही, हे ३१ मार्चला माझ्या नकाशावरून ठरणार आहे. सध्या तो हिरवा आहे, म्हणजे बांधायला हरकत नाही.

तुमची भाची

१९ जानेवारी

पोरी,

पंचाहत्तरीत कुणी माझ्या घड्याळावर शंका घेईल असं वाटलं नव्हतं, आणि ती माझीच भाची असेल असं तर मुळीच नाही!

घड्याळ बरोबर होतं. माझी पद्धत ऐक आणि लिहून घे. बाराचा भोंगा झाला की मी दुकानातलं मोठं घड्याळ लावायचो. त्यावरून खिशातलं लावायचो. सोमवारी ते घेऊन बंदराच्या टोकाला जायचो आणि यंत्राच्या घड्याळाशी ताडून बघायचो. एका मिनिटाचा फरक निघाला तर मिशी उतरवीन, असं तुझ्या बापाला मी म्हणायचो. मिशी अजून आहे. कस्टम कचेरीतलं घड्याळही मीच लावायचो. ते पाण्यात बुडून दोन एकतीसला थांबलं, आणि तुझ्या कागदावरही पाण्याचा डोंगर दोन एकतीसलाच आहे. दोन घड्याळं एकदम खोटं कशी बोलतील? चौकशीवाल्या साहेबांनीही हेच लिहिलं.

त्या दिवसाचं आणखी काही विचारू नकोस. बायको आणि दोन्ही मुली गेल्या, एवढं माझ्यापुरतं पुरे आहे. तुझ्या आईला सांग, तिच्या चुलतभावाची तब्येत ठणठणीत आहे.

मामा

२७ जानेवारी

मामा,

तुमचं पत्र चारदा वाचलं. चौथ्यांदा हसू आलं, आणि मग पेन्सिल घेऊन बसले.

तुम्ही दुकानातलं घड्याळ भोंग्यावरून लावायचात. मग आप्पा भोंगा कशावरून वाजवायचे? यंत्राच्याच घड्याळावरून ना? म्हणजे यंत्रावरून भोंगा, भोंग्यावरून दुकान आणि दुकानावरून पुन्हा यंत्र. दोघं एकमेकांचा हात धरून गोल फिरत होतात आणि रस्ता बरोबर आहे म्हणून खूश होतात. कस्टमचं घड्याळ त्याच फेऱ्यातलं. फरक निघणार कसा? मिशी सुखरूप राहणारच.

बाहेरची वेळ गावात कुठून यायची? आप्पांच्या खोलीत रेडिओ होता ना? तो चालू होता का?

वाचलेल्या लोकांच्या जबान्या मी काल पुन्हा काढल्या. बहुतेकांनी सांगितलंय की हादरा आणि भोंगा यांत वीस मिनिटं, अर्धा तास गेला. अहवाल म्हणतो, भेदरलेल्या माणसाला वेळ लांब वाटतो. मीही लहानपणापासून तेच म्हणत आले, कारण आप्पांच्या स्मारकाच्या पाटीवर लिहिलंय, "सहाव्या मिनिटाला गावाला सावध करून कर्तव्यावर बळी गेले." आता माझी मलाच खात्री वाटेना.

पण नुसत्या शंकेवर नकाशा बदलत नाही. समितीला "मला वाटतं" चालत नाही. पुरावा नसेल तर शाळा तिथेच होईल.

भाची

२० फेब्रुवारी

पोरी,

तीन आठवडे रोज सकाळी त्या जागेपर्यंत चालत जाऊन आलो. खुंट्या ठोकल्यात, दोऱ्या बांधल्यात. एका खोलीची दोरी जिथून गेली आहे तिथे माझं दुकान होतं.

रेडिओ बंद होता. सोळा आठवडे. दुरुस्तीला शहरात पाठवला आणि शहराने तो गिळला. यंत्राचं घड्याळ आठवड्याला एक मिनिट मागे पडत होतं, आणि आम्ही सगळे त्याच्यामागे. त्या चार महिन्यांत शनिवारची बोट वेळेआधी यायला लागली म्हणून गाव कॅप्टनवर खूश होतं. कुणाच्या डोक्यात आलं नाही की बोट सुधारलेली नाही, आम्ही बिघडलोय. माझ्याही नाही. पुढे अहवालात दोन चौदा वाचलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

सोबत पत्र्याची डबी आहे. जपून उघड. आत तुझा फाटलेला तुकडा आहे. पेन थरथरल्याची खूण त्यावर स्पष्ट दिसते. कागदावरच्या वेळेप्रमाणे एक अठ्ठावन्न.

तुझा नकाशा लाल कर. हा माझ्याकडे कसा आला ते विचारू नकोस.

मामा

२ मार्च

मामा,

तुकडा कागदाला चिकटून बसला, धागा न् धागा.

एक अठ्ठावन्न म्हणजे खरे दोन चौदा. घड्याळ सोळा मिनिटं मागे. आपल्या कागदावरच्या सगळ्या वेळा सोळाने पुढे सरकवल्या आणि चारही बंदरं एका सुरात बोलायला लागली. लाट दक्षिणेकडून आली होती. गावासमोरचा तुकडा सुटलेलाच नाही. किती वर्षांचा ताण आहे त्याच्यात, मला मोजवत नाही. तो सुटेल तेव्हा लाट बावीस मिनिटांनी येणार नाही, पाच-सहा मिनिटांतच येईल. बाजाराच्या जागेवरून चारशे मुलं तेवढ्यात टेकडी चढणार नाहीत. नकाशा लाल केला.

हे सगळं झाल्यावर मग मला दिसलं. शास्त्रज्ञ म्हणवते स्वतःला, आणि साधी वजाबाकी दिसायला दोन दिवस लागले. हादरा एक अठ्ठावन्न, भोंगा दोन वीस. आप्पा बावीस मिनिटं थांबले. हाताला भोंगा होता आणि खाली बाजार भरलेला होता. बाराशे माणसं, मामा! सहाव्या मिनिटाला वाजवला असता तर त्यांना वर चढायला सत्तावीस मिनिटं मिळाली असती. मिळाली अकरा.

का थांबले? तुम्हाला माहीत असणार. तुकड्यावर अंगठ्याचा तपकिरी ठसा आहे. ह्या वेळी मी तो तपासायला दिला. रक्त आहे. ते कुणाचं, आणि अंगठा कुणाचा?

भाची

९ मार्च

पोरी,

अंगठा माझा. रक्त तुझ्या बापाचं.

त्याच्या तीन महिने आधी एक लहान धक्का बसला होता. दाजीने लगेच भोंगा वाजवला. लाट आली नाही. पण बाजाराच्या जिन्यावर रेटारेटी झाली आणि सात माणसं तुडवली गेली. शेजारच्या शिंपिणीला मी उचललं. तिच्या छातीत चपलेची टाच रुतलेली होती. दुसऱ्या दिवशी भर बाजारात मी तुझ्या बापाच्या कानाखाली जाळ काढला. म्हणालो, "पुन्हा पाणी हललेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय भोंग्याला हात लावलास तर तो हात मुळापासून उपटीन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो गाल धरून निघून गेला. तो का थांबला ते हे. पेन खाली घसरायची, म्हणजे समुद्र मागे हटायची, वाट बघत बसला, आणि घसरताक्षणी भोंगा वाजवला.

त्या दिवशी मी वरच्या रस्त्यावर डॉक्टरांकडे लंबकाचं घड्याळ लावत होतो. हादरा बसला, काचा फुटल्या. सगळ्यांनी बंदराकडे कान लावले. भोंगा नाही, म्हणजे लाट नाही. खाली माझी बायको मुलींना घेऊन दुकानातल्या काचा झाडायला लागली असणार.

लाट ओसरल्यावर मी खाली गेलो. थोरली शटरखाली होती. शटर उचललं तर तिचा हात तेवढा वर आला. धाकटी आणि बायको सापडल्याच नाहीत. गटारातून माणसं वाहत होती, डोक्यांवर लाकडं आदळत होती. एक बाई खांबाला मिठी मारून उभी होती आणि तिला कमरेखाली काही नव्हतं.

आम्ही चाळीस जण बंदराच्या टोकाला गेलो. दाजी यंत्रापाशी उभा होता, कमरेपर्यंत भिजलेला. लोक शिव्या देत होते, पण हात कुणी उचलला नव्हता. मीच त्याला ढकलून पुढे झालो. तो कागद वाचता येणारे गावात दोघंच, तो आणि मी. मी वाचला आणि ओरडलो, "बावीस! बावीस मिनिटं बसून होता हा!" पुरावा म्हणून मी तुकडा फाडून वर धरला. आणि पहिला दगड मीच घातला, कानशिलावर, जिथे थप्पड मारली होती तिथेच. मग सगळे तुटून पडले. हमालांच्या मुकादमाने पहारीने त्याचे गुडघे फोडले. मग पाणी परत आलं आणि आम्ही त्याला तिथेच टाकून पळालो.

तिघं पकडले गेले. मुकादम तुरुंगातच मेला. माझं नाव कुणी घेतलं नाही, कारण माझ्या घरातलं कुणी उरलं नव्हतं आणि लोकांना दया आली. अहवालाने तुझ्या बापाला निर्दोष ठरवलं, पाटी लागली, कर्तव्यावर मेलेल्याची बायको म्हणून तुझ्या आईला क्वार्टर मिळालं. म्हटलं, गप्प बसावं. तुमच्या डोक्यावर छप्पर तरी राहील. हे निमित्त झालं, खरं सांगायचं तर मी भेकड होतो.

मामा

१७ मार्च

लग्नात तुम्ही दिलेलं घड्याळ मी खडक फोडायच्या हातोडीने फोडलं. काचा वेचताना बोट कापलं. बरं वाटलं.

मला शाळेत सोडायला तुम्ही यायचात. माझ्या बापाला मारलेल्या हाताने माझं दप्तर धरायचात. मी तुम्हाला मामा म्हणत होते, अजूनही लिहिताना हात तिकडेच जातो आणि मला स्वतःची शिसारी येते.

आईला सांगितलं. तिने माझ्या थोबाडीत मारली. माझ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. म्हणाली, "त्यांनी एकदा मारलं, तू दुसऱ्यांदा मारायला निघालीस." तेव्हापासून ती माझ्या हातचं पाणीही घेत नाही.

तरी मी अहवाल दिला. आप्पा बावीस मिनिटं थांबले, हे त्यात माझ्या सहीने लिहिलं आहे.

आणि समितीने तो परत पाठवला. तुकडा एकेचाळीस वर्षं कुठे होता, कुणी फाडला, हे सांगणारा माणूस समोर उभा राहिला पाहिजे. नाहीतर कुणीही म्हणेल की बाईने घरी बसून रेघा मारल्या. जागा विकून बसलेले लोक आत्ताच तसं म्हणतायत.

तुम्ही ३१ मार्चला नगरपालिकेच्या सभागृहात, भर सभेत सांगा. मी विनंती करत नाही. माझ्या बापाच्या बाबतीत तुम्हाला सभा बरोबर जमवता आली होती. आता चारशे मुलांसाठी एकट्याने उभे राहा.

४ एप्रिल, सरकारी दवाखाना

पोरी,

जबडा तारेने बांधलाय, म्हणून बोलणं बंद. लिहिता येतं.

सांगितलं. पहिल्यापासून, थपडेसकट. कागद कसा वाचायचा ते फळ्यावर काढून दाखवलं, रेडिओ, भोंगा, दुकान, सगळं. शेवटी म्हणालो, पहिला दगड माझा.

मग मुकादमाचा मुलगा उठला. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "माझा बाप तुझ्याऐवजी आत सडला." खरंच होतं, निम्मं तरी. पहिला ठोसा त्याचा, तो त्याचा हक्कच होता. दुसरा जागेच्या कंत्राटदाराचा. त्याचा हक्क नव्हता, पण हात जड होता. मग खुर्च्या आल्या. मी खाली पडलो आणि डोकं झाकलं. बुटांनी बरगड्या मोडताना आतून आवाज येतो, तो कान गेलेल्यालाही ऐकू येतो. तीन बरगड्या, जबडा दोन जागी, डावा डोळा बहुधा गेलाच. घड्याळजीला एक पुरतो. दाराशी पोलीस बसवलाय, मी पळून जाऊ नये म्हणून.

ठराव झाला. शाळा वरच्या पठारावर होईल. बाजाराच्या जागेतल्या खुंट्या कालच उपटल्या.

एक वाईट बातमी. त्याच दुपारी लोकांनी तुझ्या बापाची पाटी कुदळीने फोडली. तुकडे समुद्रात टाकले. ते मला थांबवता आलं नाही.

मामा

११ एप्रिल

पाटीचं कळलं. आईलाही कळलं. तिने क्वार्टरचं दार आतून लावून घेतलं आहे आणि मी बाहेर व्हरांड्यात बसून हे लिहिते आहे.

शाळा वर गेली, याचा मला आनंद व्हायला हवा. होतोही. पण रस्त्यावर बायका मला बघून थुंकतात, "बावीस मिनिटवाल्याची पोर" म्हणतात. मी जे केलं ते बरोबर होतं, आणि माझ्याकडे बापाचं आता काहीच उरलेलं नाही.

एक विचारते. त्या खोलीत असलेल्यांपैकी तुम्ही एकटे जिवंत आहात. त्यांनी शेवटी काही म्हटलं का? शिव्या दिल्या असतील, रडले असतील, आईचं नाव घेतलं असेल, काहीही असो. दारातून आईला ओरडून सांगण्यासारखं काहीतरी द्या. खोटं मात्र लिहू नका.

१५ एप्रिल

पोरी,

खोटं लिहीत नाही. हे मी स्वतःशीही कधी बोललो नाही.

तो भिंतीला टेकून पडला होता. गुडघे फुटलेले, एका डोळ्यात रक्त. दुसऱ्या डोळ्याने तो यंत्राकडे बघत होता. आमच्यातल्या कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं, आम्ही मारत होतो. पेन परत खाली घसरायला लागलं होतं.

तो ओरडला, "दुसरी येतेय. वर पळा. वर पळा रे सगळे."

मला वाटलं, जीव वाचवायला थापा मारतोय. मी आणखी एक दगड घातला. त्याने माझा पाय धरला. मी झटकायला लागलो, तर तो ओढत नव्हता, ढकलत होता. दाराकडे. म्हणाला, "जा ना मूर्खा, तुझ्या पोरी वर वाट बघत असतील."

तेव्हा मी पेन बघितलं आणि ओरडलो. आम्ही पळालो. त्याला उचलायला दोन माणसं पुरली असती. कुणी थांबलं नाही. आम्ही बाजाराच्या जिन्याच्या वरच्या पायरीला पोचलो आणि पाण्याने त्या खोलीचं दार उपटून नेलं. ही लाट पहिलीपेक्षा मोठी होती.

तुझ्या आईला दारातून हे ओरडून सांग. आम्ही चाळीस जण त्याला मारायला गेलो होतो. चाळीसच्या चाळीस वाचलो.

मामा